जिद्दीच्या गोष्टी आणि येष्टीतला डबा

माझ्या विद्यार्थिदशेत औरंगाबादच्या मध्यवर्ती बसस्थानकावर रोज सकाळी एक वेगळीच गर्दी असे. पैठण, सिल्लोड, वैजापूर, भोकरदन, अंबड अशा गावांकडून येणाऱ्या येष्ट्यांची वाट बघत कॉलेजची पोरं उभी असत. त्यांना कुठं जायचं नसे. गाडी लागली की कंडक्टर एकेक डबा खाली देई. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला डबा, गाठीत खोचलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर धाकट्या भावंडाच्या अक्षरात नाव. आतली भाकरी अंधारात उठून थापलेली. पाऊस दडी मारून बसला की डब्यातली भाजी जायची, तिच्या जागी ठेचा यायचा. पण भाकरी चुकत नसे. एखाद्या दिवशी डबाच आला नाही तर पोरगा रिकाम्या हातानं परतायचा, आणि घरी काय झालं असेल याचा घोर घेऊन तासाला बसायचा.

आता हे शहर छत्रपती संभाजीनगर झालं. औरंगपुऱ्यापासून विद्यापीठाच्या वाटेपर्यंत जागोजागी अभ्यासिका निघाल्या. खुर्चीला खुर्ची लावून पोरंपोरी रात्री उशिरापर्यंत बसलेली असतात. जागा निघायची वाट बघतात, कट-ऑफची चर्चा करतात, अटेम्प्ट मोजतात. त्यांच्या टेबलावर चालू घडामोडींच्या पुस्तकांखाली एखादं पुस्तक उभारी मिळावी म्हणून ठेवलेलं असतं. बहुधा ते विश्वास नांगरे पाटील यांचं ‘मन में है विश्वास’ असतं, नाहीतर राजेश पाटील यांचं ‘ताई, मी कलेक्टर व्हयनू!’. दोन्ही पुस्तकं खऱ्या आयुष्याची, लिहिणाऱ्यानं स्वतः भोगलेली. कादंबरी क्वचित दिसते, आणि दिसलीच तर ती शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ असते. 1967 साली आलेला हा कर्ण मराठी मुलांच्या वसतिगृहांतून अजून हललेला नाही. कष्टानं, दानानं, शौर्यानं सगळं मिळवूनही जन्माचा शिक्का न पुसलेला नायक त्यांना आपला वाटतो, याचा अर्थ आपण नीट लावायला हवा. त्याच्याकडं ती मुलं यशाचा मंत्र शोधत जात नसावीत. आपल्यासारखं आणखी कुणाच्या तरी वाट्याला आलं होतं, एवढा आधार त्यांना पुरत असावा.

यावरून मनात प्रश्न येतो. हालअपेष्टांतून चिकाटीनं वर येणाऱ्या तरुण मुलांची गोष्ट मराठी कथा-कादंबरीनं कशी सांगितली? विशेषतः मराठवाड्यानं, आणि मराठवाड्याला जिथं शिकायला यावं लागलं त्या या शहरानं?

सुरुवात साने गुरुजींपासून करावी लागते. ‘श्यामची आई’ घराघरांत पोचली. पण आपल्या विषयाला जवळची आहे ती त्यांची ‘धडपडणारी मुले’. एक ध्येयवेडा शिक्षक आणि त्याच्याभोवती जमलेले विद्यार्थी अशी ती कादंबरी. ‘धडपड’ या शब्दाला मराठीत जो जिव्हाळा आहे, त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा. गुरुजींच्या मुलांची धडपड देशासाठी, दुसऱ्यासाठी असते. नोकरीसाठी, घरासाठी नसते. आज वाचताना ती मुलं जरा जास्तच निर्मळ वाटतात. तरी त्यांनी घालून दिलेली एक गोष्ट मला मोलाची वाटते: मुलगा एकट्यानं वर येत नाही, मुलं मिळून धडपडतात. पुढच्या साहित्यात ही गोष्ट हळूहळू हरवत गेली. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) तिचा एक सुंदर अवशेष सापडतो. धनगरांच्या वाडीवर पहिल्याच नोकरीला आलेला पोरसवदा मास्तर शाळा धरतो, वाडीकडून श्रमदानानं तालीम उभी करून घेतो, आणि मग दुष्काळ येतो. वाडी पांगते. मास्तराच्या प्रयत्नात कुठंच खोट नव्हती. पाऊसच पडला नाही. हा शेवट मराठवाड्यातल्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

मराठवाड्याची स्वतःची गोष्ट मात्र उशिरा लिहिली गेली, आणि त्याला कारण आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. वरचं शिक्षण उर्दूतून, विद्यापीठ हैदराबादला. घरी मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला आधी भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे, मग पैशाचा, मग जातीचा. परभणीचे बी. रघुनाथ मॅट्रिकनंतर शिकू शकले नाहीत. निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी करत त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या आणि 7 सप्टेंबर 1953 ला, चाळिशीतच, ते गेले. त्यांच्या लेखनातल्या कोंडीत मला नेहमी त्या शिकू न शकलेल्या तरुणाचा श्वास ऐकू येतो.

मग 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढलं. तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं, आणि भोवतीचा परिसर नागसेनवन. बाबासाहेबांनी या मागं पडलेल्या भागाची निवड केली, या एका निर्णयानं मराठी साहित्याची दिशा बदलली असं मी मानतो. 23 ऑगस्ट 1958 ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. ज्यांच्या घरात आजवर अक्षर शिरलं नव्हतं, अशी मुलं आता पत्र्याची पेटी घेऊन शहरात येऊ लागली. ती शिकली, त्यातली काही शिक्षक झाली, आणि काहींनी लिहिलं. गंगाधर पानतावणे यांनी याच शहरातून ‘अस्मितादर्श’ चालवलं. आपलं जगणं लिहिण्याजोगं आहे, हा धीर त्या नियतकालिकानं किती तरुणांना दिला असेल! मिलिंदमध्ये शिकलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’ 1979 साली आलं. पोरकेपण, भूक, दुसऱ्याच्या दारातली राबणूक आणि त्या सगळ्यातून शाळा धरून ठेवणारं एक लहान पोर. चिकाटीची याहून अस्सल गोष्ट मराठीत थोडीच असेल. सोनकांबळे कुठंही मूठ आवळून बोलत नाहीत. कुणी दिलेला भाकरीचा तुकडा त्यांना जसा आठवतो, तसाच कुणी नाकारलेलाही आठवतो. दोन्ही ते एकाच आवाजात सांगतात.

पण ‘आठवणींचे पक्षी’ कादंबरी नाही. दया पवारांचं ‘बलुतं’ (1978), लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ (1980), लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ (1987), शंकरराव खरातांचं ‘तराळ-अंतराळ’ यांतलंही कुठलंच कादंबरी नाही. खरात तर पुढं याच मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मराठीत कष्टानं वर आलेल्या मुलाची गोष्ट शोधत निघालं की पावलं आत्मकथनाच्या दाराशी जाऊन थांबतात. त्याच वेळी कादंबरीत डोकावलं की बरोबर उलटं चित्र दिसतं. तिथला कष्टाळू मुलगा बहुधा हरतो.

या दोहोंच्या सीमेवर एक मोठं पुस्तक उभं आहे: आनंद यादवांची ‘झोंबी’. 1987 साली आली, 1990 ला साहित्य अकादमी मिळाली, आणि तिचं स्वरूप आत्मचरित्रात्मक कादंबरीचं. कागलच्या कुळवाड्याचा पोरगा आनंदा. बाप त्याला शाळेतून काढून मळ्यात जुंपतो. पोराच्या मनात शाळा जळत राहते. आई आणि तो मिळून गावातल्या दत्ताजीराव देसायांकडं जातात, आणि त्यांचा शब्द बापाला मोडवत नाही म्हणून शाळेचं दार पुन्हा उघडतं. अट एकच, शाळेआधी आणि शाळेनंतर मळ्याचं काम चुकता कामा नये. पुढं सौंदलगेकर मास्तर त्याला कवितेची गोडी लावतात, आणि पाणी पाजता पाजता तो कविता म्हणू लागतो. या भागाचा हिंदी अनुवाद ‘जूझ’ नावानं केंद्रीय मंडळाच्या बारावीच्या हिंदी पुस्तकात गेला, त्यामुळं कागलचा हा पोरगा उत्तर भारतातल्या मुलांनाही ओळखीचा आहे.

‘झोंबी’कडं केवळ जिद्दीची कहाणी म्हणून पाहणं मला अपुरं वाटतं. त्यात पोराची जिद्द आहे. पण दार उघडलं ते एका वजनदार माणसाच्या शब्दानं. अमेरिकेत होरेशिओ ॲल्जर या लेखकानं 1868 च्या ‘रॅग्ड डिक’पासून गरीब मुलं कष्टानं वर येतात अशा कथांचा रतीब घातला. तिथंही मुलगा मेहनती आणि सच्चा असतो. पण त्याचं नशीब उघडतं ते एखाद्या श्रीमंत गृहस्थाची मर्जी बसल्यावर. ॲल्जर हे झाकून नेतो, यादव झाकत नाहीत. देसायांच्या वाड्यावर जाण्याआधीची मायलेकरांची घालमेल, बापाला कळलं तर काय ही भीती, खोटं बोलावं लागण्याची खंत हे सगळं ते तपशिलानं मांडतात. दुसरी गोष्ट, हा बाप खलनायक होत नाही. पोरगा शाळेत गेला तर मळ्यावरचे दोन हात कमी होतात, हा त्याचा हिशोब खरा आहे. पोराच्या शिक्षणाची किंमत कोण मोजतं, याचा जमाखर्च ‘झोंबी’त पानोपानी दिसतो: आईची हाडाची काडं, भावंडांची उपासमार, बहिणींचं अडाणीपण. मुलगा पुढं जातो आणि घर मागं राहतं. हे लिहिताना यादवांची लेखणी अडखळत नाही, त्यांचं मोठेपण त्यात आहे.

आता कादंबरीकडं वळू. कष्ट आणि त्याचं फळ यांचं नातं मराठी कादंबरीनं कसं पाहिलं, हे मला सर्वांत स्पष्ट दिसलं ते शिलाई मशीनपाशी. उद्धव शेळके यांची ‘धग’ (1960), रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (1971) आणि देविदास सौदागर यांची ‘उसवण’. पहिली वऱ्हाडातली, पुढच्या दोन मराठवाड्यातल्या, आणि तिन्ही शिंप्याच्या घरच्या. शिंपी हा गावातला असा माणूस, की ज्याच्याकडं जमीन नाही आणि ज्याचं सारं भांडवल हातात आणि डोळ्यांत आहे. घाम गाळला तर पोट भरतं, या म्हणण्याची कसोटी घ्यायला याच्याइतकं योग्य घर दुसरं नाही.

‘धग’मधली कौतिक नवऱ्याच्या नाकर्तेपणाशी झगडत संसार उभा करू पाहते. गाव बदलते, मोलमजुरी करते, पोरांकडं डोळे लावून बसते, आणि शेवटी तिचं मनच ढासळतं. ‘पाचोळा’त गंगाराम शिंप्याचं घर आहे आणि सगळी हकीकत त्याची बायको आपल्या बोलीत सांगते. बोराडे लातूर भागातल्या काटगावचे. पण त्यांचा मोठा काळ आपल्या जिल्ह्यात वैजापूरला प्राचार्य म्हणून आणि मग या शहरात गेला. 2025 च्या फेब्रुवारीत ते गेले. मराठवाडी बोलीत बाईच्या तोंडून अख्खी कादंबरी उभी करणं ही त्या काळी मोठी हिंमत होती. गंगाराम कामाला वाघ आहे, हातात कला आहे. पण गावातल्या वैरापुढं आणि स्वतःच्या ताठ्यापुढं घर टिकत नाही. मुलगा भारत या ओढाताणीत सापडतो. वाऱ्यानं पाचोळा उडावा तसं सगळं उधळून जातं. ‘उसवण’मधला शिंपी आजचा आहे. त्याचं कुणाशी वैर नाही, तो आळशी नाही, व्यसनी नाही. रेडिमेड कपड्यांनी त्याचं गिऱ्हाईक नेलं, बस्स. सौदागर तुळजापूरचे, स्वतः शिलाईकाम केलेले; या कादंबरीला 2024 चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला तेव्हा मराठवाड्यात अनेकांना घरच्या पोराचं यश वाटलं.

इथं मी पुन्हा पुन्हा अडखळतो. शिंप्याच्या पराभवाची कादंबरी लिहून एक शिंपी जिंकला. कादंबरीतल्या माणसाला जे मिळालं नाही, ते कादंबरी लिहिणाऱ्याला मिळालं. मराठीतला आत्मकथन आणि कादंबरी यांच्यातला पेच यावरून सुटतो असं मला वाटतं. आत्मकथन लिहिणारा मुळातच पोचलेला असतो. पोचला नसता तर पुस्तक हातात आलं नसतं. त्याच्या बाकावर शेजारी बसलेली, त्याच्याइतकीच हुशार आणि कष्टाळू, पण सातवीत गळालेली मुलं स्वतःची गोष्ट लिहीत नाहीत. कादंबरीकार त्यांच्या वतीनं लिहितो. म्हणून कादंबरीतला मुलगा हरतो तेव्हा ती निराशा नसते. जो मोजलाच गेला नाही त्याची ती नोंद असते.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तल्या (1963) पांडुरंग सांगवीकराचं उदाहरण इथं अनेकजण देतात. नेमाड्यांनी पुढं बरीच वर्षं इथल्या विद्यापीठात इंग्रजी शिकवलं, त्यामुळं शहराला त्यांच्याबद्दल आपलेपणा आहे. पण पांडुरंगाच्या मागं खातंपितं घर आहे. त्याला अपयश परवडतं. ज्याला ते परवडत नाही त्याची कादंबरी म्हणजे सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (2002). एकनाथ शिकला, पदव्या घेतल्या, मुलाखतींचे उंबरठे झिजवले. नोकरीसाठी संस्थेला द्यायला पैसा नाही. मग शिकलेला माणूस शेतात, आणि शेत तोट्यात. पैसे भरून नोकरी घ्यायची तर जमीन विकायची का, हा वाद घराला आतून पोखरतो. नोकरीच्या आशेनं केलेलं लग्नही त्यात होरपळतं. 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी बुलढाण्याच्या मातीतली. पण आपल्याकडं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या, नेट-सेट झालेल्या तरुणांना विचारा, एकनाथ त्यांच्यातच बसलेला असतो. रमेश इंगळे उत्रादकरांच्या ‘सर्व प्रश्न अनिवार्य’नं तर आणखी खोल घाव घातला. दहावीच्या परीक्षेत कॉपी हाच व्यवहार झाला, तर प्रामाणिक कष्टाला किंमत काय? हा प्रश्न ती शाळेच्या चार भिंतींत उभा करते. भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा अनेकांनी शाळेत वाचलेली आहे. भाव पडला म्हणून बाप भर बाजारात आपल्याच टोमॅटोंचा चिखल करतो आणि शाळकरी पोरगा ते बघतो. घाम गाळला की फळ मिळतं असं शिकवणारा धडा आणि ही कथा त्या पोरानं एकाच वयात वाचलेली असतात.

किरण गुरव यांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’त मात्र मला एक वेगळी वाट दिसते. खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या बाळूची ही गोष्ट यश-अपयशाच्या तराजूत बसतच नाही. शहरात वावरायचं कसं, बोलायचं कसं, आपण मागं काय टाकून आलो, अशा लहान लहान अवघड गोष्टींतून तो मोठा होतो. मोठं होणं म्हणजे नोकरी लागणं एवढंच नाही, हे इतक्या शांतपणे सांगणारं लेखन दुर्मीळ आहे.

इतकं सगळं लिहिताना एक गोष्ट खुपत राहते. यातली बहुतेक सगळी ‘मुलं’ मुलगेच आहेत. मुलीच्या जिद्दीला मराठी कथात्म साहित्यानं जागा दिली नाही असं नाही. हरि नारायण आपट्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ‘पण लक्षात कोण घेतो?’मधून यमूला वाचायला शिकवलं, आणि मग तिला वैधव्याच्या खाईत लोटलेलं दाखवलं. 1933 साली विभावरी शिरूरकर या टोपणनावानं आलेल्या ‘कळ्यांचे निःश्वास’मधल्या मुली शिकल्या, कमावू लागल्या, आणि त्यांच्या कमाईवर घर चालू लागलं तसं त्यांच्या इच्छांचं ओझं घराला नकोसं झालं. पुढची मोठी पुस्तकं पुन्हा आत्मकथनंच: कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’, बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. ऊसतोडीच्या फडावरून परतून बारावीची परीक्षा देणारी बीड-जालन्याकडची मुलगी, लग्न ठरायच्या आत पोलीस भरतीत निघावं म्हणून पहाटे मैदानावर धावणारी मुलगी. या मुली मी रोज बघतो. त्यांच्यापाशी वेळ नाही, हे त्यांच्या जिद्दीचं वेगळेपण. मुलाला चार-पाच अटेम्प्ट मिळतात. मुलीला घरचे एखाद-दुसरं वर्ष देतात. तिच्या या घाईची कादंबरी मला अजून वाचायची आहे.

या शहराच्याही काही गोष्टी लिहिल्या जाण्याची वाट बघत आहेत. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव केला, मराठवाडा पेटला, आणि 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. मधल्या सोळा वर्षांत नागसेनवनातल्या वसतिगृहांत राहून पदव्या घेतलेल्या मुलांनी काय सोसलं, हे कवितेत आलं, आठवणींत आलं. त्या पिढीची ऐसपैस कादंबरी मला हवी आहे. कारण ती एकट्या मुलाची जिद्द नव्हती, गुरुजींच्या मुलांसारखी ती सगळ्यांची मिळून होती. वाळूजला रात्रपाळी करून सकाळी तासाला बसणारा पोरगा, विद्यापीठात ‘कमवा आणि शिका’त झाडांना पाणी घालून फी भरणारी पोरगी, आणि अभ्यासिकेत सहाव्या वर्षी बसलेला, गावी गेल्यावर लोक काय विचारतील म्हणून दिवाळीला घरी न जाणारा तरुण, हे सगळे त्यात असायला हवेत. त्या तरुणाचा निकाल काय लागला, हे कादंबरीनं सांगितलं नाही तरी मला चालेल. पण त्या सहा वर्षांत त्याच्या घरात काय घडलं, हे तिनं सांगावं.

परवा बसस्थानकावर गेलो होतो. मेस आणि खानावळींमुळं आता डबे जवळजवळ दिसत नाहीत. पण कन्नडच्या गाडीतून एक पिशवी उतरली. दोरीनं घट्ट बांधलेली, कोपऱ्यात तेलाचा डाग पडलेली. घ्यायला आलेली मुलगी खाकी पॅन्ट आणि धावायच्या बुटांत होती. तिनं पिशवी हातात घेतली, वजन बघितलं, फोन लावला आणि म्हणाली, “आये, आला गं डबा. तू जेवलीस का?”